खाजेची वही

माझं खाजवणं आईला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. ती स्वयंपाकघरात कणीक मळत असो, कुकरच्या शिट्ट्या चालू असोत, खाली इमारतीच्या आवारात टँकरचा पंप धडधडत असो, बाहेरच्या खोलीत माझं नख कोपराच्या घडीत गेलं की आतून आवाज यायचाच, "वृषाली, हात!" मी हात काढून घ्यायची आणि अभ्यास चालू आहे हे तिला कळावं म्हणून पुस्तकाचं पान जरा जोरात उलटायची. थोड्या वेळाने तोच हात गुडघ्यामागच्या लवणीत गेलेला असायचा, आणि तो कधी गेला हे माझं मलाच ठाऊक नसायचं. इसब ज्याला नाही त्याला ते समजावून सांगणं अवघड आहे. दुखत असलं की माणूस कण्हतो आणि लोक जवळ येतात. खाज सुटलेल्या माणसापासून ते थोडे लांब सरकतात. वर्गात माझ्या बाकावरची तिसरी जागा बहुतेक रिकामी असायची.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडिलांच्या नोकरीमुळे विरारच्या बोळिंजला फ्लॅट घेतला तेव्हा मी चौथीत होते, आणि इसब तिथेच वाढलं. खाऱ्या हवेने म्हणा, घामाने म्हणा, टँकरच्या पाण्याने म्हणा. प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. आईने सगळी कारणं खरी मानली आणि सगळ्यांशी एकटी लढत राहिली. महापालिकेचं पाणी एक दिवसाआड यायचं. ते ती निळ्या पिंपात भरून झाकून ठेवायची आणि माझ्या आंघोळीपुरतंच काढायची. ती स्वतः आणि बाबा टँकरच्या पाण्याने आंघोळ करत. माझे कपडे साबणाच्या पाण्यातून काढले की तीनदा खळबळून घ्यायची. जुन्या मऊ साड्यांच्या पट्ट्या फाडून, ओल्या करून, खोबरेल लावलेल्या माझ्या हातापायांना गुंडाळायची. कोणी सांगितलं वांगं बंद, तिने वांगं बंद केलं. कोणी सांगितलं शेंगदाणे बंद. साताऱ्याच्या घरात शेंगदाण्याचं कूट बंद होणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्यांनाच कळेल. वर्षभर सगळ्या घराने कुटाशिवाय भाज्या खाल्ल्या. बाबा ताटाकडे बघायचे, पण एकदाही काही बोलले नाहीत. पुढे त्वचेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की शेंगदाण्याचा हिच्या इसबाशी काही संबंध नाही. आईने घरी येऊन, चपलांसकट म्हटलं तरी चालेल इतक्या घाईने, कढई चढवली आणि शेंगदाणे भाजायला घेतले. तो वास जिन्यात पसरला होता, असं शेजारच्या काकू सांगायच्या. आज मी माझ्या स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजते तेव्हा आईच्या त्या वर्षाचा विचार येतो. तेव्हा मात्र मला ती नुसती माझ्या मागे लागणारी बाई वाटायची.

त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात, मी अठरा पूर्ण करून कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना, एक नवं मलम तपासून बघायचं काम सुरू झालं. दवाखाना स्टेशनच्या अलीकडे, एका लहान इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर होता. चाचणीसाठी वेगळी खोली, वेगळं कपाट, आणि सगळं बघायला ब्रिजिटताई. ही वसईच्या वाडीतली बाई. घरची केळीची आणि फुलांची बाग होती. घरून फोन आला की ती तिच्या आईशी त्यांच्या गावच्या बोलीत भराभर बोलायची. त्यातलं मला निम्मंही कळत नसे. आणि फोन ठेवला की आमच्याशी पुस्तकातल्यासारखं शुद्ध मराठी. तिने माझ्यासमोर मराठीत छापलेला कागदांचा गठ्ठा ठेवला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. ट्यूबा सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या, वर फक्त नंबर. काहींत औषध, काहींत औषध नसलेलं नुसतं मलम. कोणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही माहीत नाही, तिलाही नाही. त्वचा कोरडी पडू नये म्हणून ती देईल ते साधं क्रीम चालेल, पण त्याखेरीज दुसरं कुठलंही औषध लावायचं नाही. कधीही, कारण न सांगता, सोडून जाता येईल.

"आणि हिला नुसतंच मलम आलं तर?" आईने विचारलं.

"तर साडेतीन महिने ते लावून काही उपयोग होणार नाही, काकू. ते आत्ताच सांगते. त्रास वाढला तर डॉक्टर लगेच थांबवतील आणि नेहमीचे उपचार सुरू करतील."

"मग अशी चाचणी करायचीच कशाला?"

"दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कळणार कसं?" ब्रिजिटताई म्हणाली. "तुम्ही घरी जाऊन विचार करा. आज सही नकोच मला."

आईला तिचं हे आज सही न मागणं आवडलं. आठवड्याने मी माझी स्वतःची सही केली. आयुष्यातली पहिली, जिच्याखाली पालकांची सही लागत नव्हती. आई शेजारी बसून सहीकडे बघत होती, थोडी अभिमानाने आणि थोडी हिरमुसून.

ट्यूबबरोबर एक वही मिळाली. रोज संध्याकाळी त्यात खाजेला शून्य ते दहा यांतला एक आकडा द्यायचा, मलम दोनदा लावलं का ते लिहायचं, आणि शेवटच्या रकान्यात, दुसरं काही औषध लावलं का: हो किंवा नाही.

भानूमावशी मला तिथेच भेटली. कळंबची कोळीण, पन्नाशीची असावी, नऊवारी कसून नेसलेली, आणि दोन्ही हात पदराखाली. तिचं इसब फक्त हातांवर होतं, पण ते हात बघून मी माझे कोपर झाकले. तळव्यांना भेगा, बोटांच्या पेरांवर सालं निघालेली, एका भेगेतून रक्त. रोज मासळी, बर्फ, मीठ आणि पाणी. ती बोळिंजच्या बाजारात बसायची, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. आम्ही मासे खात नसल्यामुळे त्या गल्लीत माझा पाय कधी पडला नव्हता. गिऱ्हाईक आधी मासळी बघतं आणि मग हात बघतं, आणि पलीकडच्या बाईकडे जातं, हे तिने डॉक्टरांना सांगितलं ते तक्रार म्हणून नाही, लक्षण म्हणून.

तिला लिहिता येत नव्हतं. तिची संमती घेताना ब्रिजिटताईने बाहेरचा साक्षीदार बोलावला होता, पण रोजची वही लिहायला घरी कोणी नव्हतं. मुलगा बोटीवर, सून दिवसभर कामाला. मी कॉलेजातून दुपारी बाजारावरूनच घरी जात असे. मी म्हटलं, मी लिहीन. ब्रिजिटताईने डॉक्टरांना विचारून तशी नोंद केली आणि मला बजावलं, "ती सांगेल तेच लिहायचं. तुझं डोकं नाही चालवायचं."

अशी मी मासळीबाजारात बसायला लागले. भानूमावशी माझ्यासाठी उलटं घमेलं मांडायची, त्यावर पोत्याचा तुकडा. आदल्या संध्याकाळचा आकडा ती लक्षात ठेवून आलेली असायची.

"काल नऊ."

"परवाही नऊच होतं, मावशी."

"परवा पन नऊ नि काल पन नऊ. पापलेटाचा भाव बदलतो, ह्याचा नाय बदलत." आणि हसायची. मी लिहायची, ती अंगठा उमटवायची. मग बाजारातली माहिती मिळायची. कुठल्या होडीला काय लागलं, बोंबील वाळायला किती ऊन लागतं, मांदेली आणि मोतकं या बारीक माशांतला फरक. आई पहिल्या दिवशी दारातच म्हणाली, "वास येतोय तुझ्या ओढणीला." दुसऱ्या आठवड्यात तिने विचारलं, "त्या बाईंच्या हाताला आज कसं आहे?" तिसऱ्या आठवड्यात जुन्या साडीच्या पट्ट्या धुऊन, वाळवून, घडी करून माझ्याकडे दिल्या. मी त्या आधी ब्रिजिटताईला दाखवल्या. नुसतं कापड आहे, चालेल, असं ती म्हणाल्यावर भानूमावशीला दिल्या.

माझे आकडे मात्र बदलत होते. सहाचे पाच, कधी चार. फार नाही, पण बदलत होते. तेवढ्यात मावसबहिणीचं लग्न आलं, विरारलाच, हॉलमध्ये. मला बिनबाह्यांचं ब्लाउज घालायचं होतं. इतर मुलींना ही इतकी लहान गोष्ट वाटेल की लिहायलाही संकोच होतो. पण मी तोवर कधीही उघड्या हातांनी चारचौघांत गेले नव्हते. माझ्या कपाटात स्टिरॉइडची एक जुनी ट्यूब होती, मेडिकलमधून बिनचिठ्ठीची आणलेली. लावली की चार दिवसांत त्वचा कशी गुळगुळीत होते हे मला माहीत होतं, आणि डॉक्टरांनी ती का बंद करायला लावली होती हेही. लग्नाच्या आधी सहा दिवस मी ती मानेला आणि हातांना लावली. बाथरूमची कडी लावून. वहीत खाज दोन लिहिली, आणि शेवटच्या रकान्यात सहाही दिवस 'नाही'.

लग्नात सगळ्यांनी माझे हात बघितले. मामी म्हणाली, "अगं, किती छान झालं!" आईने सगळ्यांना सांगितलं, नवं मलम आहे, डॉक्टर फार चांगले आहेत. फोटोंमध्ये मी हात पुढे करून उभी आहे. ते फोटो आहेत अजून माझ्याकडे, आणि त्यात मी सुंदर दिसते हे नाकारण्यात अर्थ नाही.

लग्नानंतर दोनच दिवसांनी तपासणी होती. डॉक्टरांनी माझा कोपर खिडकीपाशी नेऊन पाहिला, पुन्हा पाहिला, मोजमाप घेतलं, फोटो काढायला सांगितला. मोजकं बोलणारे गृहस्थ होते ते. त्या दिवशी ते म्हणाले, "ब्रिजिट, हे बघा तरी." त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी जमिनीकडे बघितलं. माझ्यानंतर भानूमावशीची पाळी. दार अर्धवट उघडं होतं.

"भानूबाई, तुमच्या हाताला गुण दिसत नाही. तुम्ही इथेच थांबू शकता. नेहमीचं औषध आजपासून देतो."

"किती दिस ऱ्हायले?"

"पाच आठवडे."

"वाढलंय काय ते?"

"वाढलं नाही. होतं तसंच आहे."

"मंग पुरं करते. निम्म्यात जाळं कोन उचलतं?"

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले तेव्हा ती बर्फातून सुरमई काढत होती आणि पाण्यात तिच्या भेगांचं रक्त उतरत होतं. मला ते बघवेना. मी वही उघडली आणि म्हटलं, "मावशी, सहा लिहू का?"

"का? काल नऊ व्हतं."

"नाही, डॉक्टरांनाही जरा बरं वाटेल. कोणाला काय कळतंय."

तिने सुरमई खाली ठेवली. हात पुसले. रागावली नाही. समजूत घालावी तशी म्हणाली, "पोरी, मी नऊ सांगायची नि तू सहा लिवायचीस. मंग ते म्हन्तील, औशद बरं हाय. उद्या अर्नाळ्याची नाय तर डहाणूची कोन बाय येईल, असेच हात घेऊन. तिला हेच देतील. ती लावत बसेल. तिचे हात माज्या खोट्याने बरे व्हनार काय?"

मी वहीचं पान सरळ केलं.

"लिव. नऊ."

मी नऊ लिहिलं. लिहिताना मी माझ्या अक्षराकडे बघत होते आणि मला माझी वही दिसत होती, ते सहा 'नाही', एकाखाली एक. घरी न जाता मी तशीच दवाखान्यात गेले. ब्रिजिटताई डबा खात होती, मला बघून तिने एक सुकेळं पुढे केलं, त्यांच्या वाडीतल्या केळ्याचं, वाळवून पानात बांधलेलं. मी ते हातात धरूनच सगळं सांगून टाकलं. 

तिने डबा बंद केला, उठून दार लावलं आणि विचारलं, "कुठली ट्यूब? किती दिवस? दिवसातून कितीदा?" मी सांगत गेले, ती लिहीत गेली. एक शब्द कमी नाही की जास्त नाही. शेवटी पेन ठेवून म्हणाली, "खोटं लिहिलंस ते वाईट केलंस. सांगायला आलीस तेही मी लिहिलंय." मग डॉक्टर आले. त्यांनी कागद वाचला आणि खुर्चीत बसून थोडा वेळ चष्मा पुसत राहिले. काल त्यांना झालेला आनंद मी परत घेतला होता, आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

"तुझं मलम मला थांबवावं लागेल," ते म्हणाले. "वर कळवावं लागेल. ओरडण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण ती जुनी ट्यूब अचानक सोडली आहेस, ते उलटेल. त्यासाठी तू येत राहायचंस. लाज वाटली तरी यायचंस."

उलटलंच. दहा दिवसांत माझी मान आणि हात असे पेटले की ओढणीचा स्पर्श सोसवेना. आईला मी आधीच सगळं सांगितलं होतं. मला वाटलं होतं ती बोलेल, निदान लग्नात मिरवलेल्या त्या मलमाबद्दल तरी बोलेल. तिने पिंपावरचं झाकण काढलं, पट्ट्या भिजवल्या, डॉक्टरांनी दिलेलं औषध लावून एकेक पट्टी गुंडाळत गेली. हात पुरा झाल्यावर म्हणाली, "त्या बाईंकडे रोज जात होतीस ना? जात राहा. त्यांची वही अर्धी राहता कामा नये." पट्ट्या बांधलेल्या हातांनी मी पाचही आठवडे भानूमावशीचे आकडे लिहिले. मी स्वतःचं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तरीच त्या दिवशी तुजं अक्शर वाकडं आलं."

तिचे साडेतीन महिने पुरे झाले त्याच दिवशी डॉक्टरांनी तिला नेहमीचे उपचार सुरू केले. औषध, घट्ट मलम, सुती हातमोजे आणि त्यांवर रबरी. पावसाळ्यानंतर तिच्या भेगा बऱ्याचशा भरल्या. पूर्ण बरे तिचे हात कधीच झाले नाहीत, माझे कोपरही नाहीत. इसबाला आम्ही दोघींनी घरातल्या कटकट्या नातेवाइकासारखं सांभाळून घेतलं, तो राहणारच हे धरून.

चाचणीचं सगळ्या ठिकाणचं काम संपल्यावर, बऱ्याच महिन्यांनी, कोणाच्या ट्यूबमध्ये काय होतं ते कळलं. माझ्यात खरं औषध होतं. त्या सहा दिवसांआधीचे माझे चार आणि पाच खरे होते, आणि थोडा धीर धरला असता तर कदाचित दोनाचा आकडाही खरा आला असता. ते मी आजतागायत पचवलेलं नाही. भानूमावशीच्या ट्यूबमध्ये औषध नव्हतं. हे ऐकून ती इतकी हसली की ब्रिजिटताईला पाणी द्यावं लागलं. "आनि मी रोज देवाला दाखवून लावायची!" मग गंभीर होऊन तिने डॉक्टरांना विचारलं, "मंग माजं काय कामाला आलं?"

डॉक्टर म्हणाले, "तुमचे आकडे खरे होते म्हणून दुसऱ्यांचे आकडे वाचता आले, भानूबाई. औषधाने गुण येतो हे औषध नसलेल्या माणसाने खरं सांगितलं तरच कळतं." तिने मान हलवली, एखाद्या व्यवहारात हिशोब पटल्यावर हलवतात तशी, आणि बस चुकेल म्हणून उठली.

मी पुढे शिक्षिका झाले, जीवशास्त्राची. प्रयोगवहीत आलेलं निरीक्षण न लिहिता पुस्तकातलं उत्तर उतरवणारी मुलं दर वर्षी भेटतात. त्यांना मी ओरडत नाही, शेजारी बसवून पुन्हा बघायला लावते. भानूमावशी आता नाही. पण ती ज्या दिवशी दिसली तशीच माझ्या लक्षात राहिली आहे, तो दिवस सांगते. दुसऱ्या एका औषधाची चाचणी सुरू व्हायची होती आणि ब्रिजिटताईने नव्या लोकांसाठी माहितीची बैठक ठेवली होती. चाचणी म्हणजे काय ते आधी त्यातून गेलेल्यांकडून ऐकावं, असं तिचं म्हणणं. बारा-तेरा बायापुरुष आले होते, कोणी बाह्या खाली ओढून, कोणी हातरुमालात बोटं गुंडाळून. डॉक्टरांनी दोन शब्द सांगितले आणि भानूमावशीला पुढे बोलावलं. तिने पदराखालून हात काढले, दोन्ही, आणि सगळ्यांना दिसतील असे टेबलावर ठेवले.

"तुमाला वाटत असेल हितं आलो की बरे व्हनार," ती म्हणाली. "मला नुसतं मलम मिळालं. तुमच्यात पन कोनाला तरी मिळेल. कोनाला ते डॉक्टर पन नाय सांगू शकत. साडेतीन म्हयने लावलं, काय उपयोग नाय झाला. ज्याला हे चालत नसेल त्याने आताच घरी जावं, कोन काय बोलनार नाय."

डॉक्टरांनी जरा चमकून ब्रिजिटताईकडे पाहिलं. ती शांत उभी होती. मागच्या रांगेतली दोन माणसं उठली, मग एक बाई तिच्या मुलीला घेऊन. भानूमावशीने त्यांना जाऊ दिलं, दार लागेपर्यंत थांबली. उरलेले तिच्याकडे बघत होते, तिच्या हातांकडे.

"आता ह्या पोरीचं ऐका," ती त्यांना म्हणाली, आणि बाजूला सरून तिने मला जागा करून दिली. "हिला खरं औशद मिळालेलं."

मी उभी राहिले. तोवर वहीतल्या त्या सहा 'नाही'बद्दल मी घरच्यांखेरीज आणि या तिघांखेरीज कोणालाही सांगितलेलं नव्हतं. मी ओढणी बाजूला करून दोन्ही कोपर उघडे केले आणि सांगायला सुरुवात केली.